गेलेल्यांनी कळवलं, येतो

हसणार नसाल तर सांगतो. नाही नाही, तुमचं ते ओठ दाबून बसणं मला चांगलं माहीत आहे. आधी कप खाली ठेवा, नाहीतर चहा नाकातून येईल आणि नाव पुन्हा माझंच. आमच्या ब्राह्मणपुरीत मी गल्लीतून निघालो की अजून कोणीतरी हटकतं, "काय संजू, वरून काही निरोप?" मी मान खाली घालतो आणि मोटारसायकल पुढे काढतो. करणार काय? केलंच तसं आहे!

आता तुमच्यातले जे खानदेशाबाहेरचे आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाची देवी, नथ घातलेली, दागिन्यांनी मढवलेली. आणि तिचे रोट. रोट म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या समजा, पण त्यांचे गहू असे पोत्यातून काढून गिरणीत नाही टाकायचे. भाऊबंदांतल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू परातीत घालायचे. ज्याचं नाव घेतलं त्याने यायचं आणि खायचं. रोट बाहेरच्याला द्यायचे नाहीत, टाकायचे तर मुळीच नाहीत. भाऊबंदांनीच संपवायचे. म्हणजे ज्याच्या घरी कानबाई, त्याचा जीव एकाच गोष्टीत अडकलेला असतो. माणसं येतील ना?

त्या वर्षी कानबाई आमच्या घरी होती. आणि आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, जीव अडकला होता उधन्यात.

उधना म्हणजे सुरतेच्या पोटातलं. आमचे अर्धे भाऊबंद तिकडे मागांवर कामाला. आप्पांचे सख्खे मोठे भाऊ, आमचे मोठे बाबा, विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडून मुलाकडे तिकडेच निघून गेले. दोघं भाऊ परत बोलले म्हणून नाहीत. मोठे बाबा तिथेच वारले. आप्पा अंत्ययात्रेला गेले, सगळ्यात मागे उभे राहिले आणि त्याच पावली परत आले. तेव्हापासून मोठी माय, म्हणजे माझी मोठी काकू, ब्राह्मणपुरीच्या रोटाला आली नव्हती.

आप्पांनी हे तोंडाने कधी काढलं नाही. पण कानबाई आपल्या घरी बसणार हे ठरल्यापासून म्हातारा रोज सकाळी दातण करता करता एकच विचारायचा, "उधनाले निरोप गया का?" खरं तर त्यांना स्वतः जायचं होतं. आमच्यात रोटाचं बोलावणं दारावर जाऊन, हळदीकुंकू लावून करतात. पण गुडघे गेलेले. मी म्हटलं, काही गरज नाही जायची. मी घरात अहिराणीच बोलतो, पण शहाणपणा दाखवायचा असला की माझ्या तोंडून पुस्तकी मराठी निघते. मी म्हटलं, "आप्पा, ते तुम्हाला नाही कळणार. एका बटणाचं काम आहे."

तर ते बटण. मी शहाद्याला एका लहानशा कंपनीत वेबसाईटी करतो. कृषी केंद्रांच्या, मंगल कार्यालयांच्या, असल्या. मला वाटलं, आपल्याच भाऊबंदांसाठी का नाही करायची एक? आप्पांच्या डोक्यात सगळी नावं होती, पण आता ती डोक्यातून निसटायला लागली होती. मी महिनाभर बसून ते वेबॲप उभं केलं. नाव, बापाचं नाव, गाव, मोबाईल, हयात की दिवंगत. पाहिजे तसं गाळा, पाहिजे तसा क्रम लावा. फक्त प्रकाशा गावचे दाखव म्हटलं की प्रकाशाचे. वयाने लाव म्हटलं की म्हातारे वर, पोरं खाली. आणि माझी खास कारागिरी म्हणजे एकदा लावलेला फिल्टर ते विसरत नसे. लॅपटॉप बंद करा, उद्या उघडा, फिल्टर जागच्या जागी. मला त्याचा काय अभिमान होता म्हणून सांगू!

दुसरी कारागिरी. मोबाईलचा रकाना भरल्याशिवाय नोंद पुढे जाणारच नाही अशी सक्ती मी केली होती. लोक आळशी असतात हो, नंबर देत नाहीत. पण त्यात झालं असं की माणूस बापाला जोडायचा, बाप आजाला जोडायचा, म्हणजे गेलेल्यांच्याही नोंदी आल्या. आणि गेलेल्यांनाही मोबाईल सक्तीचा झाला. माणसांनी दिले नंबर. कोणी बापाचाच जुना चालू नंबर दिला, कोणी आईचा, कोणी स्वतःचा. मोबाईल नसलेला एकही पूर्वज आमच्या कुळात उरला नाही.

बोलावणं पाठवायच्या आदल्या दिवशी मी आप्पांना ॲप दाखवायला बसलो. ओसरीवर, दुपारी. बाहेर श्रावणाची भुरभुर चालली होती. हे बघा हयात, म्हटलं. हे बघा दिवंगत. आता दिवंगत आणि गाव उधना. पडद्यावर एकच नाव उरलं. दामोदर, मोठे बाबा.

आप्पा बराच वेळ बघत राहिले.  मग हळूच बोट पुढे केलं आणि त्या नावावर ठेवलं. मी म्हटलं, आप्पा, पडद्याला हात लावू नका, डाग पडतात. ते उठून गोठ्यात गेले. मी गावाचा फिल्टर काढला, लॅपटॉप मिटला आणि भजी खायला आत गेलो.

गावाचा काढला. ऐकताय ना? गावाचा.

दुसऱ्या दिवशी कंपनीत बसून मी मजकूर लिहिला. "आदरणीय" आणि पुढे ज्याचं त्याचं नाव. "कानबाईच्या रोटाला आपण जातीने हजर राहावे. आपल्या नावाचे धान्य मोजायला घेत आहोत. आपली वाट पाहत आहोत." खाली येणार, नाही येणार अशी दोन बटणं, सोबत किती जण त्याचा रकाना आणि काही सूचना असल्यास त्याची जागा. "सर्वांना पाठवा" दाबलं. हिरवी खूण आली. घरी जाऊन आप्पांना सांगितलं, उधन्याला निरोप गेला. त्या दिवशी म्हातारा एक भाकर जास्त जेवला.

एक दिवस काहीच आलं नाही. बुधवारी दुपारी मी घरीच होतो. आप्पा शेतात, बायको रत्ना शेजारी गव्हाचे खडे वेचायला गेलेली. घरात मी एकटा. आभाळ असं भरून आलेलं की दुपारीच दिवा लावावा लागला. मी लॅपटॉप उघडला, ताजं उत्तर सगळ्यात वर येईल असा क्रम लावला आणि बघतो तर पहिलं उत्तर आलेलं.

सुपडू आबा. येणार. सूचना: गोड चालत नाही.

मी खूश. म्हटलं, वा, आबांनी सगळ्यात आधी कळवलं, माणूस पहिल्यापासून शिस्तीचा. मला विहिरीत पोहायला त्यांनीच शिकवलं. असा विचार करत मी चहाचा कप तोंडाला लावला आणि तो कप तसाच राहिला. कारण सुपडू आबांच्या तिरडीला मी स्वतः खांदा दिला होता.

आता तुम्ही म्हणाल, अरे, नंबर पोराकडे असेल. मीही तेच म्हटलं! मी काय इतका बावळट आहे का? पोराकडे फोन असेल, त्याने दाबलं असेल. मी पान ताजं केलं. वर नवीन नाव आलं. भिका तात्या. येणार. सूचना: मले आते दिसत नही. कोनीतरी हात धरी लई जा.

भिका तात्या माझ्या लग्नाच्या आधीच गेलेले.

मी पुन्हा ताजं केलं. गंभीर नाना, येणार. पुन्हा. नथ्थू आजा, येणार. नथ्थू आजा! त्यांना मी फोटोतच पाहिलेलं, डोक्याला मोठा फेटा आणि हातात काठी. सूचना: ओट्यावर बसाडज्यात, आत दम कोंडस. मी एकेक नाव वाचत खाली गेलो आणि माझ्या मानेवर गार वारं लागायला लागलं. एकही जण, एकही जण जिवंत नव्हता त्यात. आमच्या कुळातले गेलेले सगळे जण ओळीने सांगत होते, आम्ही येतो.

तेवढ्यात लाईट गेली. शहादा तालुक्यात लाईट जाणं काही नवलाचं नाही, पण त्या दिवशी तिने तीच वेळ का निवडावी? घरात फक्त पडद्याचा निळा उजेड. कौलांवर पावसाचा आवाज. आणि माझा फोन वाजला.

फोनवर नाव आलं, "मोठे बाबा".

मी तो नंबर कधी काढलाच नव्हता. गेलेल्या माणसाचा नंबर पुसायला हात होत नाही, तुमचाही होत नसेल. मी उचलला. हॅलो म्हटलं. पलीकडे कोणी बोललं नाही. नुसता श्वास. जड, दमलेला. आणि त्याच्या मागे लांबवर खटखट, खटखट असा एकसारखा आवाज. मी पुन्हा हॅलो म्हटलं, माझाच आवाज मला ओळखू येईना. श्वास थोडा थांबला, मग फोन बंद झाला.

पडद्यावर एक ओळ वर सरकली. दामोदर, उधना. येणार. सोबत किती: एकटा. सूचना: मी कव्हयना आठेच शे. तुम्हीच भेटाले येतस नही. म्हणजे कधीचा इथेच आहे!

रत्ना घरात आली तेव्हा मी कुठे होतो सांगू का? धान्याच्या कोठीवर. चाळीशीचा माणूस, कोठीवर पाय वर घेऊन बसलेला. तिने आधी मला उतरवलं, पाणी दिलं, मग पडदा वाचला. रत्ना शूर बाई आहे, साप निघाला की मी दार लावून घेतो आणि ती काठी घेते. पण वाचता वाचता तिचाही चेहरा उतरला. तिने एकच विचारलं. जिवंत असलेल्यांपैकी किती जणांनी कळवलं?

मी खालपर्यंत बघितलं. एकानेही नाही.

मग काय विचारता! तिने देव्हाऱ्यात दिवा लावला, लॅपटॉपवर गोमूत्र शिंपडलं आणि ते यंत्र घरात नको म्हणून गोठ्यात नेऊन गव्हाणीत ठेवलं. त्याचं एंटरचं बटण तेव्हापासून चिकटतं, अजून चिकटतं. म्हशीने रात्रभर दावं तोडायची खटपट केली असं आप्पा सकाळी म्हणाले. त्यांना आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. सांगणार काय? तुमचा भाऊ येतोय, एकटाच?

खरी भीती पुढेच आहे. गुरुवारी सकाळी मी दूध घालायला डेअरीवर गेलो. समोर आमचे चुलत चुलते उभे. मी रामराम घातला. ते माझ्याकडे बघत होते, पण मला बघत नव्हते. त्यांची नजर माझ्यातून पलीकडे गेली आणि ते किटली उचलून चालू लागले. वाटेत दुसरे भाऊबंद भेटले, मी हाक मारली, त्यांनी मान वळवून रस्त्याच्या कडेची बाभूळ बघितली. तिसऱ्याच्या ओट्यावर चार जण बसून बोलत होते. मी जवळ गेलो तसं बोलणं थांबलं. मी पुढे गेलो, पुन्हा सुरू झालं.

आता तुम्हीच हिशेब करा. मेलेले माझ्याशी बोलतायत. जिवंतांना मी दिसत नाही. याचा अर्थ काय होतो?

मी आठवून बघितलं. सोमवारी संध्याकाळी शहाद्याहून येताना एका ट्रॅक्टरने कट मारला होता, मी थोडक्यात वाचलो होतो. वाचलो होतो ना?  मी भर रस्त्यात स्वतःला चिमटा काढला. दुखलं. पण मेल्यावर दुखत नाही हे तरी कोणी येऊन सांगितलंय?

मी तडक सलीमभाईच्या किराणा दुकानात गेलो. त्यांचं दुकान त्यांच्या आजोबांपासून गावात आहे. भाऊबंदकीत ते नाहीत, आमच्या देवाधर्मातही नाहीत, म्हणून मला तो माणूस भरवशाचा वाटला. मी चहापूड मागितली. त्यांनी पुडा काढून माझ्यासमोर ठेवला. माझ्यासमोर! मी त्यांचा हात दोन्ही हातांनी धरला आणि विचारलं, "सलीमभाई, मी तुम्हाला दिसतो ना?"

त्यांनी मला चष्म्यावरून नीट न्याहाळलं. "दिसी ऱ्हायनात," म्हणाले. "फक्त झोप व्हयेल दिसत नही."

तेवढ्याने काही माझं समाधान झालं नाही. एकच माणूस म्हणतो दिसता, बाकी गाव म्हणतं नाही. म्हणजे गेलो नसेन, पण जाण्याच्या वाटेवर असेन. आणि दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, गहू मोजायचे होते. नावं मी वाचायची आणि बायकांनी मुठी घालायच्या. परातीपुढे बसून मी मेलेल्यांची नावं घेऊ का? ती घेतली आणि ते खरंच ओट्यावर येऊन बसले तर? आणि आप्पांचं काय? वर्षानुवर्षांनी देवी घरी येणार, रोट मांडणार आणि खायला भाऊबंदांतला एकही जिवंत माणूस नाही. म्हातारा ते सोसणार नव्हता.

शुक्रवारी सकाळी मी गोठ्यात गेलो. लॅपटॉप गव्हाणीतून काढला, कडबा झटकला. म्हटलं, एकदा खात्री करून घेऊ. शोधायच्या जागी मी माझंच नाव टाकलं.

"नोंद सापडली नाही."

 स्वतःच्या हाताने केलेल्या ॲपमध्ये मी नाही! रत्नाचं नाव टाकलं. सापडली नाही. आप्पांचं टाकलं. सापडली नाही. जे काल माझ्यातून आरपार बघत गेले त्या चुलत चुलत्यांचं टाकलं. तेही नाहीत. म्हणजे आमचं अख्खं गावच गेलं की काय? मग घाबरत घाबरत मोठ्या बाबांचं टाकलं. लगेच आले. हिरव्या अक्षरात, येणार.

मी तिथेच शेणाच्या पाटीवर बसलो आणि तेवढ्यात माझी नजर पडद्याच्या कोपऱ्यात गेली. तिथे एक छोटीशी निळी चाळणी असते. फिल्टर लावलेला असला की ती निळी होते, नसला की राखाडी. ती निळी होती. मी तिच्यावर टिचकी मारली.

स्थिती: दिवंगत.

गावाचा फिल्टर मी काढला होता. दिवंगतचा तसाच राहिला होता. आणि माझं कौतुकाचं ॲप काहीच विसरत नाही ना! मी "सर्वांना" म्हणून दाबलं आणि त्याने गाळून उरलेल्या सर्वांना इमानेइतबारे पाठवलं. आदरणीय सुपडू, आपली वाट पाहत आहोत. जिवंत भाऊबंदांना एका अक्षराचाही निरोप नव्हता. ते सगळे तोंड फिरवून बसले होते, कारण उभ्या भाऊबंदकीत रोटाचं बोलावणं आलं ते मेलेल्यांना!

हसा, हसा. मीही आता हसतो. तेव्हा मात्र मला रडू आलं, कारण आप्पा गोठ्याच्या दारात उभे होते. मग मी सगळं सांगितलं. फिल्टर म्हणजे काय तेही सांगितलं, आणि पहिल्यांदाच त्यांना समजेल असं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, मोठ्या भावाच्या नावाने काय लिहिलं होतं? मी मजकूर वाचून दाखवला. आदरणीय दामोदर, आपली वाट पाहत आहोत.

 मी म्हटलं, मी आत्ताच्या आत्ता त्या सगळ्यांना माफीचा मजकूर टाकतो, चुकून गेलं म्हणून. त्यांनी लॅपटॉपचं झाकण स्वतःच्या हाताने बंद केलं. "त्याले हात लावू नको," म्हणाले. मग टोपी घातली, हळदीकुंकवाची कोयरी घेतली आणि मोटारसायकलवर माझ्यामागे बसले.

दिवसभर आम्ही दारं फिरलो. गुडघे दुखत होते तरी ते प्रत्येक ओट्यावर चढले. माणसं आधी तोंड फिरवायची, मग खाट टाकायची, मग चहा यायचा आणि चहाबरोबर माझी हजेरी घ्यायची. आमच्या चुलत चुलत्यांनी तर दुखणं एका दमात बोलून दाखवलं, "मरेलस्ले आदरणीय, आनि आम्ही जित्ता शेतस त आम्हले कोनी इचारस नही." आप्पांनी त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं. आणि सुपडू आबांच्या मुलाने सांगितलं, साखर आबांना होती तशी त्यालाही आहे, म्हणून त्याने लिहिलं. दिसत नाही ते भिका तात्यांच्या म्हातारीला. मोतीबिंदू. नथ्थू आजांच्या घरी तर त्यांच्या नातसुनेने सांगितलं, आजांचा फोटो आत लावलेला आहे, तिथे ओल येते, म्हणून ओट्यावर ठेवा असं कळवलं.

उधन्याचं मात्र मला विचारायचं धाडस झालं नाही. आप्पांनीही विचारलं नाही. गहू मोजायचे ते त्या रात्री उशिरा मोजले.

रविवारी कानबाई बसली. माणसं आली, ज्यांच्या दारी गेलो ती सगळी आली, आणि मेलेल्यांच्या घरची तर आधी आली. कोणी पिशवीत, कोणी टॉवेलात, कोणी छातीशी धरून, पण प्रत्येकाने फोटो आणला होता. बोलावणं ज्याला होतं त्याला आणायला नको का? ओट्यावर भिंतीला टेकवून फोटो मांडले. आधी वाद झाला, गावाप्रमाणे लावायचे की वयाप्रमाणे. शेवटी वयाप्रमाणे ठरलं. माझ्याकडे कोणी क्रम लावायला आलं नाही, हे वेगळं सांगायला नको. संध्याकाळची वेळ, पावसाळी उजेड आणि आमचं अख्खं गेलेलं कूळ ओळीने बसलेलं, प्रत्येकापुढे पत्रावळ. ज्यांनी ज्यांनी येणार म्हणून कळवलं होतं, त्यातला एकही चुकला नव्हता. माझ्या अंगावर पुन्हा काटा आला. पोरंसुद्धा त्या बाजूला आवाज करत नव्हती.

ओळीत एक जागा रिकामी होती. आप्पांनीच ठेवली होती.

मग दारात जीप थांबली आणि मोठी माय उतरली. एकटी. खूप थकलेली, उधन्याहून पॅसेंजरने नंदुरबारला आणि तिथून जीपने, धापा टाकत. तो श्वास मी ओळखला. माग चालतात त्याच्या शेजारीच तिची खोली, ती खटखट तिथली. फोन तिनेच केला होता. बोलायला तोंड उघडलं नाही, म्हणाली. बाकीचं नातवाकडून लिहून घेतलं. तिच्या हातात मोठ्या बाबांचा फोटो होता, लुगड्याच्या पदरात गुंडाळलेला.

 ती आप्पांसमोर येऊन उभी राहिली. "मले कोनी बलायं नही," ती म्हणाली. "यास्ले बलायेल व्हतं. मी यास्नासंगे उनू."

आप्पांनी फोटो दोन्ही हातांनी घेतला. बाहीने पुसला, रिकाम्या जागी ठेवला, आणि आयुष्यात मी पहिल्यांदा आप्पांना रडताना पाहिलं. "बठ भाऊ," एवढंच म्हणाले. मोठी माय त्यांच्या शेजारी बसली आणि तिने रोटाचा पहिला तुकडा मोडला. मग गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, खीर, सगळं वाढलं गेलं. रोट इतके पुरेनासे झाले की रत्नाने माझ्या पानातला अर्धा उचलून भिका तात्यांच्या म्हातारीला दिला.

आता तुम्हाला वाटेल, चांगलंच झालं की, यात तुझी फजिती कुठली? मलाही तसंच वाटत होतं हो! सोमवारी देवी पाठवून आम्ही घरी आलो तेव्हा मी जरा छाती काढूनच चालत होतो. चूक असेना का, जमवलं ना माझ्याच ॲपने? मोठी माय पोळ्यापर्यंत राहायला तयार झाली होती. आप्पा खाटेवर पडले होते. मी पायथ्याशी बसलो आणि म्हटलं, सांगा आप्पा, यात अजून काय सुधारणा करू?

त्यांनी विचार केला. मग विचारलं, त्यांचं स्वतःचं नाव त्यात कुठल्या बाजूला आहे?

मी म्हटलं, हे काय विचारणं झालं? हयातमध्ये.

"त्याले मरेल लोकेसमा टाकी दे," आप्पा म्हणाले.

मी दचकलो. असं अभद्र का बोलता म्हणून रागावलोसुद्धा. त्यांनी शांतपणे कूस बदलली, पाठ माझ्याकडे केली आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "आठे मी रोज तुन्हासमोर बठस, तू म्हनस तुम्हाला नाही कळणार. तठे गवू त निदान आदरणीय त म्हनशी."